देव्हाऱ्याखालच्या काचपट्ट्या

सोलापूर, १२ नोव्हेंबर १९७८

प्राचार्यांनी काल केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि गोड आवाजात सांगितलं, की कॉलेजातली माझी भौतिकशास्त्राची जागा तात्पुरती आहे. ती कायम व्हायची तर मार्चअखेर प्रबंध विद्यापीठात गेला पाहिजे. नाही गेला तर जूनपासून दुसरा माणूस. चहा पाजून असलं सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. तोंडावर बोलावं आणि मोकळं व्हावं.

घरी येऊन बायकोला, विजूला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "आन् न्हाय झालं तर?" म्हणाली. म्हटलं, मग काय, माळशिरस. माझा थोरला भाऊ श्रीमंतदादा गावी वाटच बघतोय. ऊस आहे, विहीर आहे, एम.एस्सी. झालेला गडी त्याला घरचाच मिळेल. तिनं पुढचा गोळा थापायला घेतला. भाकरी मात्र करपली. तिची भाकरी सहसा करपत नाही.

ही दैनंदिनी हत्तुरेसरांमुळे. ते माझे गाईड, कोल्हापूरला असतात, मार्चमध्ये निवृत्त होतायत. ते म्हणतात, "मानसिंग, प्रयोगाच्या वहीत आकडे लिहायचे. रडगाणं दुसरीकडे लिहा." तर हे दुसरीकडे.

१५ नोव्हेंबर

घरी, दारी, स्टाफरूममध्ये सगळे विचारतात, नक्की करतोस काय? एकदा इथे नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ततपप होणार नाही.

आरसा करताना काचेवर चांदी चढवतात. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया, त्यात ग्लुकोज. थोडा वेळ ठेवलं की चांदी काचेवर बसते आणि तोंड दिसायला लागतं. मी आरसा पुरा होऊ देत नाही. काच पिवळी-तपकिरी झाली की बाहेर काढतो. त्या वेळी चांदीचा सलग पत्रा झालेला नसतो, सुटे सुटे कण असतात, आमच्या मायक्रोस्कोपलाही न दिसणारे. त्या कणांवर चमकणाऱ्या रंगाचा थेंब टाकायचा, म्हणजे फ्लुरोसिन स्पिरिटमध्ये विरघळवून. वर जांभळ्या अतिनील दिव्याचा उजेड सोडायचा. रंग हिरवा चमकतो. माझं म्हणणं एवढंच, की साध्या काचेवर चमकतो त्यापेक्षा चांदीच्या कणांवर जास्त चमकेल, कारण उजेड पडला की कणांतले इलेक्ट्रॉन हेलकावे खातात आणि रंगाला जोर देतात. किती जास्त, ते उजेड मोजणाऱ्या फोटोसेलला जोडलेल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा सांगणार.

आता हे विजूला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजी नापास झालेला आरसा." यापेक्षा चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

२१ नोव्हेंबर

दुप्पट! म्हणजे दुपटीच्या जरासं पुढे. काळे पडदे लावून आमचा प्रयोगशाळेचा शिपाई कल्लप्पा आणि मी घामाघूम होऊन बसलो होतो. साध्या काचेवर काटा जिथे थांबला त्याच्या दुप्पट चांदीवर. नुसतं स्पिरिट टाकून पाहिलं तर काटा हलला नाही, म्हणजे चमक रंगाचीच. कल्लप्पाला म्हटलं, बघ. तो म्हणाला, "दिसतंय की सर. पन दुप्पट म्हंजे लई हाय का कमी?"

तिथेच माझा आनंद अर्धा झाला. हत्तुरेसर नक्की म्हणणार, दुप्पट तर थेंब मोठा पडला तरी येतं.

२९ नोव्हेंबर

पट्ट्या काळ्या पडतायत. शेजारी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, पोरं दिवसभर कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. चांदीला त्याचं वाकडं. सकाळी केलेली पट्टी दुपारपर्यंत चुलीतल्या तव्यासारखी. त्यांच्या विभागप्रमुखांशी भांडलो. ते म्हणाले, मग सिलॅबस बदला.

शेवटी पट्ट्या घरी नेल्या. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून त्या नीट लावल्या. पण ठेवायच्या कुठे? स्वयंपाकघरात धूर, बाहेरच्या खोलीत रस्त्याची धूळ, न्हाणीघराजवळ ओल. घरात कोरडी, झाकलेली, कुणी हात न लावणारी जागा एकच, देव्हाऱ्याखालचा कप्पा. तिथे ठेवला डबा. मी देव मानत नाही, पण त्यांची जागा चांगली आहे.

विजूनं डबा उघडून बघितला. "चांदी हाय व्हय ही?" मी म्हटलं, चांदीच, अस्सल. हात लावू नकोस. ती म्हणाली, "आपल्या देवांचे टाक बी चांदीचेच हायत की." असेल. आईनं लग्नात दिलेत, खंडोबाचा आणि आणखी कुणाकुणाचा. मी कधी नीट बघितले नाहीत.

६ डिसेंबर

चंपाषष्ठी. विजूनं हट्ट धरून आमच्या पोराला, बाळ्याला खंडोबाच्या जत्रेला नेलं. अंगावर, डोक्यावर, शर्टाच्या खिशात भंडारा. एवढी हळद स्वयंपाकात टाकली असती तर गावजेवण झालं असतं. विजूनं पुडीभर भंडारा घरी आणला. काय मागितलंस, विचारलं तर म्हणाली, "सांगत न्हाईत असलं." माझ्या प्रबंधासाठी मागितलं असणार, दुसरं काय मागणार? बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

११ डिसेंबर

मी हे सावकाश लिहितोय, कारण आकडा चुकवायचा नाही.

सातपट. घरून नेलेल्या पट्ट्या, तोच रंग, तोच दिवा, तोच काटा. साधी काच आहे तिथेच आणि चांदी सातपट. कल्लप्पाला तीनदा वाचायला लावलं. पट्ट्या घरी एक-दोन दिवस विसावल्यामुळे कण नीट बसत असणार, मुरत असणार. लोणचं मुरतं तसं. सरांना कळवायला पाहिजे.

एकच खटकलं. दोन-तीन पट्ट्यांच्या कडेला बोटाचा पुसट डाग होता. कल्लप्पाला झापलं. तो म्हणाला, "म्या चिमट्यानंच धरतो की सर." धरतो म्हणतो आणि डाग कुठून येतात? विडी ओढणाऱ्या माणसाला मी काचेला हात लावू द्यायलाच नको.

१६ डिसेंबर

पोस्टात जाऊन कोल्हापूरला ट्रंक कॉल लावला. अर्धा दिवस त्यातच गेला. सर ओरडून म्हणाले, "किती? सात? पुन्हा मोजा." पुन्हा मोजून झालंय म्हटलं. मग म्हणाले, लिहायला घ्या. तेवढ्यात लाइन गेली.

सायकलवरून घरी येताना मी गाणं म्हणत होतो. दार बंद. विजू हल्ली दुपारी घरी नसतेच. शिवणाच्या का कसल्या क्लासला जाते, पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. आली तेव्हा मिरच्या निवडत स्वतःशीच मोजत होती, ओकटी, रेंडू, मूडू. हे काय? "त्येलगू. तिकडची पोरं असंच मोजत्यात." शिवणाच्या क्लासला पोरं कशी, विचारायचं राहून गेलं. डोक्यात सात नाचत होता.

५ जानेवारी १९७९

दोन प्रकरणं लिहून झाली. चौथं प्रकरण सातपटीचं, तोच प्रबंधाचा कणा. प्रत्येक नवी खेप घरी मुरवतो, दोन दिवसांनी नेतो, सहा, सात, कधी साडेसात. विजूला म्हटलं, आता सोलापूर सुटत नाही. तिनं हातातलं काम टाकून माझ्याकडे बघितलं, "नक्की ना?" तिला इतकं खूश मी लग्नात बघितलं नव्हतं. माझ्या डिग्रीचा तिला केवढा आनंद!

१७ जानेवारी

मेलो.

संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी संपली. सुट्टीत केलेल्या पट्ट्या आज मोजल्या. दुप्पट. फक्त दुप्पट, पुन्हा नोव्हेंबरसारखं. आणखी एक खेप केली. तीही तशीच. दिवा बघितला, काटा बघितला, स्पिरिटची बाटली बदलली.

घरात कुणी नाही. विजूची आई पाय घसरून पडली, म्हणून संक्रांतीच्या आधीच ती बाळ्याला घेऊन अकलूजला गेलीय. मी हातानं खिचडी करून खातो, तीही मोजून केल्यासारखी बेचव.

२२ जानेवारी

अजून दुप्पटच. आता डोकं चालत नाही. जत्रेत शहरात एवढी माणसं आली, धूळ आली, दमटपणा बदलला, काहीतरी असणारच. कल्लप्पावर भडकलो. तू पाणी बदललंस, डिस्टिल्डऐवजी नळाचं घेतलंस. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, आणि लेखी तक्रार करेन म्हणालो. तो टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर गेला, तासभर आला नाही. आला तेव्हा भांडी घासून ठेवली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

रागात मी कुणालाही काहीही बोलतो. माहीत असून सुधारत नाही.

२९ जानेवारी

परवा विजू आली. आज पुन्हा सातपट. जिवात जीव आला. हवेतला दमटपणा हेच कारण, माझी खात्री झाली. संक्रांतीच्या आसपास हवा बिघडली होती, आता कोरडी पडली. चौथ्या प्रकरणात हवामानावर एक परिच्छेद घालतो. विजूला म्हटलं, तू आलीस आणि नशीब आलं. ती हसली. "येनारच की."

१४ फेब्रुवारी

आज सकाळी तास नव्हता. पोटात दुखत होतं म्हणून अंथरुणावरच पडून होतो. विजूची पूजा चालली होती. टाक ताम्हनात धुतले, पुसले, पाटावर मांडले, एकेकाला बोटानं भंडारा लावला. मग खालच्या कप्प्यातून तिनं माझा डबा काढला.

एकेक पट्टी कडेनं धरून बाहेर काढली. भंडाऱ्यात बोट टेकवलं, पट्टीला लावलं, फुंकर मारली, आत ठेवली. साध्या काचांना हात लावला नाही. फक्त चांदीच्या.

मला वाटलं मी ओरडेन. ओरडलो नाही. तोंडावर पांघरूण ओढून पडून राहिलो. ती स्वयंपाकघरात गेली तरी डोळे मिटूनच होतो.

१५ फेब्रुवारी

त्याच पट्ट्या नेल्या. फ्लुरोसिन टाकलंच नाही, नुसतं स्पिरिट टाकलं. दिव्याखाली पट्टी हिरवट-पिवळी चमकली, म्हणजे चमक त्या डागाची. नोव्हेंबरात हे एकदा करून बघितलं होतं आणि नंतर कधीच केलं नाही. सात आल्यावर कोण करतो? मग डागावर ओला चुना लावला. लाल झाला. हळदीला चुना लागला की कुंकवासारखा रंग होतो, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला माहीत आहे.

दुप्पट तेवढी माझी. बाकीची पाचपट खंडोबाची.

कल्लप्पानं विचारलं, "काय झालं सर, घाम कशाचा?" मी म्हटलं, काही नाही, पडदे उघड.

१८ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहितो. चार दिवस मी गप्प बसायचं ठरवत होतो.

कोण बघणार आहे? सर निवृत्त होतायत. परीक्षकांकडे चांदीच्या पट्ट्या नाहीत, हळद तर नाहीच. प्रबंध कपाटात जाईल, मी कायम होईन, सोलापूर सुटणार नाही. कुणाचं घर बुडत नाही. असं मनाला दहा वेळा पटवलं. अकराव्या वेळी डोळ्यापुढे यायचं, की दुसऱ्या गावात कुणी माझ्यासारखाच पडदे लावून बसलाय, माझा सात मिळवायला धडपडतोय आणि आपल्या शिपायाला झापतोय.

अन्न गोड लागत नाही. आणि विजूवर इतका राग येतोय, की तिच्याकडे बघवत नाही. आणि डबा तिथे ठेवला मीच.

२० फेब्रुवारी

सांगितलं तिला. आवाज न चढवता सांगायचं ठरवलं होतं, पण चढलाच. म्हटलं, हळदीनं माझं वाटोळं केलं.

तिला आधी कळेना. मग कळलं तेव्हा खाली बसली. "चांदीला भंडारा लावल्याबिगर कसं ठिवायचं? देवाखाली ठिवलं तुमीच." मग हळूच म्हणाली, "पन कुनाला कळनार हाय? लिवा की तसंच. हळद काय विष हाय का?"

मी म्हटलं, खोटं आहे ते. ती म्हणाली, "मग माळशिरस." तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. रडली नाही. उठून भांडी आवरायला गेली.

२४ फेब्रुवारी

कोल्हापूर. सकाळच्या एस.टी.नं गेलो. सरांना सगळं सांगितलं, बायकोचं नाव न घेता, "घरी कुणीतरी" असं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

"मार्चमध्ये मी यावर सही करू शकत नाही," म्हणाले. "पहिल्यापासून मोजावं लागेल. प्रत्येक पट्टी आधी रंगाशिवाय. सहा महिने तरी." मी म्हटलं, सर, मग नोकरी जाईल. ते म्हणाले, "जाईल." दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "दुप्पट खरं असेल तर दुप्पट पुष्कळ आहे, मानसिंग. मी निवृत्त होतोय, मरत नाही. मोजलंत की या."

परतीच्या गाडीत मला रडू आलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कुणी गेलं का? नाही म्हटलं. त्यानं भुईमुगाच्या शेंगा दिल्या.

३ मार्च

प्राचार्यांना सांगितलं, प्रबंध होत नाही. त्यांनी पुन्हा चहा मागवला. मी घेतला नाही.

कल्लप्पाची माफी मागितली. सगळं सांगितल्यावर तो खूप वेळ खाली बघून हसत होता. "सर, म्हंजे वैनींनी पूजा केली आन् शिव्या मला." हो म्हटलं. "असू द्या की. पन लेखी तक्रार म्हनालात ते लागलं मला." संध्याकाळी दोघांनी नवी खेप केली. पट्ट्या रसायनवाल्यांपासून लांब, ग्रंथालयाच्या कपाटात ठेवल्या. आधी नुसतं स्पिरिट, काळोख. मग रंग. दुपटीच्या जरासं पुढे.

हे खरं आहे आणि माझं आहे. तरी आनंद होत नाही.

१२ मार्च

दादाला कळवलं. महिनाअखेरीस जीप घेऊन येतो म्हणाला, सामान बांधून ठेवा. विजू कामापुरतं बोलते. तिनं एक भांडं बांधलेलं नाही. मी विचारलं, कधी बांधणार? "बघू." बाहेर जाणं मात्र चालूच, आता सकाळीही. हे असं रुसणं मला समजत नाही. नोकरी माझी गेलीय.

३१ मार्च

दादा आला. कारखान्याची जीप घेऊन, उसासारखा ताठ. चहा घेता घेता म्हणाला, "चला, उन्हाच्या आत निघू. सामान कुठं हाय?"

विजू पदर सावरून दाराशी उभी होती. दादासमोर ती कधी बोलत नाही. आज बोलली. "दादा, मी न्हाय येनार. जूनपास्नं बालवाडीवर लागतेय, पूर्व भागात. ट्रेनिंग बी तिथल्याच पोरांवर झालं माझं. आर्डर बी आलीया."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. म्हटलं, मला विचारलं नाहीस?

"माळशिरसला जायचं तुमी ठरीवलं तवा मला इचारलं व्हतं का?"

मी म्हटलं, आणि तो भंडारा? ते नवस, पूजा, माझ्या डिग्रीसाठी...

"तुमच्या डिग्रीसाठी न्हवता त्यो," ती म्हणाली. "मला हितं ऱ्हायला मिळावं म्हनून व्हता. तुमची डिग्री झाली तर मला मिळनार व्हतं, म्हनून तुमच्या चांदीला लावला. आता तुमाला जायाचं तर जावा. मी चार दिस सुट्टीला येत जाईन."

दादाच्या कपात माशी पडली तरी त्याचं लक्ष नव्हतं. मला आधी राग आला, मग इतकी लाज वाटली, की बसलेल्या जागी गरम व्हायला लागलं. पाच महिने मी काट्याकडे बघत होतो. ही रोज कुठे जाते, संध्याकाळी पाय का दुखतात, मोजायला तेलुगू का शिकली, एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. ती लपवत नव्हती.

"दादा," मी म्हटलं, "आम्ही येत नाही."

"आन् खानार काय? बायकूच्या जिवावर?"

शिकवण्या करीन, म्हटलं. काय मिळेल ते करीन. सध्या तरी तिच्याच जिवावर. दादा उठला, विजूला "येतो" म्हणाला, मला काही म्हणाला नाही. जीप रिकामी गेली.

जूनपासून मी काय करणार, ते मला माहीत नाही. प्रयोगशाळेत पाऊल टाकू देतील की नाही, तेही माहीत नाही. भीती वाटते, सरळ लिहितो. मोठ्या भावाला तोंडावर नाही म्हटलंय, तो वर्षभर बोलणार नाही.

दुपारी विजू जेवायला वाढत होती तेव्हा विचारलं, तुझी बालवाडी कुठल्या गल्लीत आहे? तिनं सांगितलं. मला ती गल्ली ठाऊक नव्हती. पोरं किती, तुला बाई म्हणतात का, मारकुटी आहेत का, असं विचारत गेलो आणि ती सांगत गेली. आमटी गार झाली. उद्या सकाळी तिच्याबरोबर जाऊन बघून येणार आहे.